बाईंचा फिरकीचा तांब्या

बाईंच्या माडीवरची खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, डिपॉझिटचं तर नावच काढलं नाही. दारातच विचारलं, "पोट कसं असतं?"

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. आमच्याकडे पोटाची चौकशी होते ती जेवलास का, एवढ्यापुरती. बरं असतं, म्हणालो. एवढ्याने बाईंचं भागलं नाही. लहानपणी कावीळ झाली होती का, पाणी उकळून पिता की तसंच, पेला माठात बुडवता की ओगराळ्याने पाणी काढता, अशी उलटतपासणी त्यांनी मला उंबऱ्यावर उभं करून घेतली. शेजारी उभी असलेली माझी बायको बरोबर उत्तरं देत होती म्हणून खोली मिळाली. जिना उतरताना ती हळूच म्हणाली, जागा हवेशीर आहे, मालकीणबाई जरा चक्रम आहेत, पण आपल्याला कुठे त्यांच्याशी संसार करायचाय? पुढे कितीतरी वर्षं आम्ही तेच केलं.

बाई मूळच्या गडहिंग्लजकडच्या, लिंगायत घरातल्या. मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. बोलण्यात मधूनच कानडी डोकवायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला 'तम्मा' केलं, म्हणजे धाकटा भाऊ, आणि धाकट्या भावाला सांगायची सगळी कामं सांगायला सुरुवात केली. फौंड्रीच्या ऑफिसातून दमून आलो की जिन्यात बाई उभ्याच. बारा महिने छत्री, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये लाल खडू आणि हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. त्या तांब्यात घरून उकळून गार केलेलं पाणी असायचं. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या दहाव्याला जायचं असो, तांब्याशिवाय बाई घराबाहेर पडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

कुणाकडे गेल्या आणि यजमानीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला की बाई तो उजेडात धरायच्या, वास घ्यायच्या, खाली ठेवायच्या आणि आपल्या तांब्याची फिरकी काढायच्या. कोल्हापुरात हे करायला छाती लागते. इथे अनोळखी माणूस पत्ता विचारायला दारात आला तरी आधी "पावणं, पाणी घ्या" होतं आणि मग पत्ता सांगितला जातो. पाणी नाकारलं म्हणजे घरच नाकारलं असा हिशेब. बाईंना तो कळत नव्हता असं नाही. त्यांना तो मान्य नव्हता.

आमची गल्ली कसबा बावड्याच्या अगदी कडेला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला शेतं मोडून बांधलेली घरं. नळाची लाईन गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती, पण आत ती कुणी घेतलीच नव्हती. प्रत्येकाच्या परसात आपला आड होता, आणि आपल्या आडाचं पाणी सगळ्यात गोड आहे यावर प्रत्येकाचा ठाम विश्वास होता. बाईंचा एकाही आडावर विश्वास नव्हता.

त्यांच्याकडे औषधाच्या असतात तशा छोट्या बाटल्या होत्या. आत औषध लावलेला कागदाचा तुकडा. बाटलीत आडाचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबेला दोन दिवस ठेवून द्यायचं. पाणी काळं पडलं की समजायचं, आडात कुठून तरी मैला नाहीतर शेण झिरपतंय. लोक शोकेसमध्ये बाहुल्या ठेवतात तिथे बाईंनी या बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर घराचं नाव चिकटवलेलं. सकाळी चहाला खाली गेलो की बाई कपाट उघडून सांगायच्या, आज कोण काळं पडलं ते. मग लाल खडू घेऊन त्या घराच्या परसात जायच्या आणि आडाच्या कठड्यावर मोठ्या अक्षरात लिहायच्या, नापास. पहिला नापास त्यांनी स्वतःच्या आडावर लिहिला होता. गटार वळवून, कठडा उंच करून, वर जाळी बसवून त्यांनी तो पास करून घेतला आणि मगच त्या दुसऱ्याच्या परसात शिरायला लागल्या. भांडायला आलेल्या माणसाचं तोंड या एका गोष्टीने बंद व्हायचं.

माणसांकडे बघायच्या आधी आडात डोकावायची त्यांना खोडच होती. एकदा गल्लीत एका घरी सांत्वनाला गेल्या. घरात रडारड चाललेली, आणि बाई थेट मागच्या परसात जाऊन कठड्यावरून पार कमरेपर्यंत वाकलेल्या. शेजारणीला वाटलं बाईंना दुःख अनावर झालं. तिने बोंब ठोकून मागून बाईंची कंबर धरली, बाई तिला "अगं सोड, कठड्याला चीर हाय ती बघू दे" म्हणून ओरडतायत, आणि रडायला बसलेली सगळी मंडळी रडणं सोडून परसात. त्या घराचा कठडा मात्र तेराव्याच्या आत दुरुस्त झाला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाण्याची चव तोंडात कळती तम्मा, चारित्र्य बाटलीत कळतं." आमची गल्ली या वाक्याला इतकी विटली होती की लहान पोरंसुद्धा बाई दिसल्या की ते म्हणून दाखवायची. पण एकेक करून आड पास होत गेले. कुणी संडासाची टाकी हलवली, कुणी पोहरा जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगायला लागलं. राहिला तो एकच आड, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या आबांचा.

आबा म्हणजे जुने पैलवान. कान चुरगळलेले, मान खांद्यात रुतलेली, आवाज उसाच्या फडापलीकडून ऐकू यावा असा. आता दुधाचा धंदा, परसात म्हशी. त्यांचा आड त्यांच्या वडिलांनी खणलेला, आणि ह्याच पाण्यावर आपण मैदानं मारली असं आबा सांगायचे. आडाला लागूनच गोठा, गोठ्याला लागून उकिरडा. बाटली दर वेळी शाईसारखी काळी व्हायची. बाईंनी नापास लिहायचं, आबांनी ओल्या फडक्याने पुसायचं, असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी आबांनी गल्लीभर करून टाकलं की बाईंची बाटलीबिटली सगळं निमित्त आहे. बाई लिंगायत, आपल्याकडे रविवारी मटण शिजतं, म्हणून त्या पाणी घेत नाहीत. सोवळं आहे ते, म्हणाले, शास्त्र न्हवं.

हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा मी तिथेच होतो. शाळेतल्या बाईंचा चेहरा एकदम गावाकडच्या अक्काचा झाला. त्यांना फार लागलं होतं. पुढच्याच रविवारी आबांच्या चुलीवर रस्सा रटरटत असताना त्या त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, चहा टाक. चहा झाला, तो प्यायल्या, आणखी एक कप मागितला, तोही प्यायल्या. आबा दारात उभे राहून बघत होते.

"चहा उकळलेला असतोय आबा," बाई म्हणाल्या. "मला तुमच्या घराचं वावडं न्हाई. तुमच्या आडाचं हाय."

आबा तणतणत गोठ्याकडे निघून गेले.

त्या स्वयंपाकघरात खरी अडचणीत होती ती सून. तिचा थोरला मुलगा आदल्या पावसाळ्यात जुलाबाने इतका खंगला होता की सलाईनवर ठेवावा लागला. आता तिला दिवाळीच्या सुमाराला मुलगी झालेली. बाळ अजून अंगावर पीत होतं, पण सातव्या महिन्यात उष्टावण येणार, वरचं खाणं सुरू होणार, आणि वरचं पाणीही. ती आबांच्या नकळत पाणी उकळून ठेवायची. सासऱ्यांच्या दृष्टीने आडाचं पाणी उकळणं म्हणजे आडाची बेअब्रू, त्यामुळे पातेल्यावर परात झाकून. एकदा गॅसही संपला आणि परातही निसटली, आणि आबांनी घर डोक्यावर घेतलं. तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांपुढे बोलली.

"मामंजी, आडाची अब्रू मागनं बघू की. लेकरू आधी."

आमच्या माडीवर हे स्पष्ट ऐकू आलं.

त्या वाक्याने आबा हलले, पण त्यांच्या पद्धतीने. पैलवान माणूस, त्यांना डाव टाकून निकाल हवा होता. बाईंनी सगळ्यांना सांगितलेलं की आडात ब्लीचिंग पावडर टाकायची ती बादलीत कालवून, वरची निवळी तेवढी ओतायची, तीही मापाने. आबांनी मापबीप बघितलं नाही. पावडरीचं पोतं आणलं आणि पाटीने आडात ओतलं. दुसऱ्या दिवशी स्वतः बाटली भरून बाईंकडे दिली. दोन दिवस झाले तरी बाटली काळी पडली नाही. बाई त्या दिवशी काही कामाने गावात गेलेल्या, शोकेस उघडी राहिलेली, आणि माझ्या बायकोने भाबडेपणाने आबांना भिंतीवरून सांगून टाकलं की तुमची बाटली निर्मळ आहे.

बाई परत येईपर्यंत आबांनी गल्लीत पेढे वाटले होते आणि दारात हलगी लावली होती. एका बाटलीसाठी हलगी वाजलेली जगात कुणी ऐकली नसेल. आबा फेटा बांधून कठड्याशेजारी उभे, गल्ली जमलेली, मीही तोंडात पेढा घेऊन. बाई छत्री टेकत थेट आडाशी गेल्या, पोहरा वर ओढला, वास घेतला आणि नाक मुरडलं. त्यांनी हात वर केला तसा हलगीवाला आपोआप थांबला.

"बाटली पास झाली न्हाई आबा. पावडर पास झाली."

मग त्यांनी शांतपणे समजावलं की पावडरीचा वास आहे तोवर बाटली काळी पडूच शकत नाही, ती उडून गेली की गोठ्यातलं जे झिरपायचं ते झिरपणारच. औषधाने ताप उतरला म्हणून दुखणं गेलं असं होत नाही. पण तेव्हा कोण ऐकतंय? लोक हसायला लागले होते. आबांनी फेटा काढून खांद्यावर टाकला आणि आत गेले. मी तोंडातला पेढा हळूच हातात काढून घेतला. बाईंनाही ते हसणं आवडलं नाही. त्या गल्लीवर अशा काही खेकसल्या की परस एका मिनिटात रिकामं झालं.

रंगपंचमीला दुपारी, रंग खेळून झाल्यावर, बाई उरलेल्या गुलाबी रंगाची बादली घेऊन आबांच्या परसात गेल्या. या वेळी गल्लीला बोलावलं नाही. मला घेतलं ते बादली जड होती म्हणून. आबा म्हशींना पेंड घालत होते. बाईंनी तो रंग गोठ्याच्या तोंडाशी साचलेल्या डबक्यात ओतला आणि आबांना म्हणाल्या, या, जरा बसू. दोघंजण आडाच्या कठड्यावर बसले. गप्पा निघाल्या त्या आबांच्या कुस्त्यांच्या. कुठल्या मैदानात कुणाला कसं चीतपट केलं ते आबा सांगत होते आणि बाई खरंच मन लावून ऐकत होत्या. सांगता सांगता आबांची नजर आत गेली. ते मध्येच थांबले.

आडाच्या आतल्या भिंतीवर, दोन दगडांच्या फटीतून, एक गुलाबी रेघ खाली उतरत होती. बघता बघता ती पाण्याला टेकली आणि पसरली.

आबा कठड्यावरून वाकून तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या म्हशी त्या डबक्यात उभ्या असायच्या. जे त्यांना बाटलीने, खडूने, हलगीने पटलं नव्हतं ते आता डोळ्यांनी दिसत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. थोरला नातू सलाईनवर होता तेव्हा हाच माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला होता, जेवायलासुद्धा घरी आला नव्हता.

"म्हशी हलवायच्या," आबा म्हणाले. एवढंच.

नंतरचा महिना आमच्या भिंतीपलीकडे नुसती धामधूम. वडिलांच्या वेळचा गोठा आबांनी मोडला आणि परसाच्या खालच्या टोकाला, उताराकडे नेला. उकिरडाही तिकडेच. आडाच्या फटी आतून सिमेंटने भरल्या, भोवती पक्का फरसबंद ओटा, पाणी वाहून जायला पन्हळ, वर झाकण. एका गोष्टीशी मात्र काम अडलं. आडाच्या आत, काठाखाली एका कोनाड्यात आसरांचा शेंदूर लावलेला दगड होता. पाण्याच्या त्या देवींची पूजा घरातली प्रत्येक बाळंतीण तिथे करायची, आणि हळदकुंकू, भात, बांगड्या सगळं पाण्यात जायचं. ह्या दगडाला हात लावायला आबा तयार होईनात, आणि गवंडीही. बाई काय करणार याची मला धाकधूक होती. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईंनी कठड्याच्या बाहेरच्या अंगाला नवा कोनाडा बांधून घेतला, नऊवारी नेसून आल्या, स्वतः पूजा करून तो दगड ओटीत घेतला आणि नव्या जागी बसवला. आसरांनाही कोरडी, स्वच्छ जागा नको का, म्हणाल्या. आता नैवेद्य बाहेर पडतो आणि नारळाचं पाणी पन्हळीतून केळीला जातं. आबांची सून वाकून त्या दगडाच्या पाया पडली आणि मग बाईंच्याही.

आड उपसला, गाळ काढला, पावडर टाकली, ती या वेळी मापाने. मग बाईंनी सगळ्यांना थांबवून ठेवलं. पावडरीचा वास पार गेला तरी बाटली भरेनात. वळवाचा एक चांगला सपाटून पाऊस होऊन जाऊ दे म्हणाल्या, कोरड्या दिवसांत आडाची कसली परीक्षा? वळीव आला, गोठ्याची कौलं उडवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी नमुना घेतला. उष्टावण तोंडावर आलेलं. शोकेसला या वेळी कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या कमरेला. माझ्या बायकोवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

उष्टावणाच्या सकाळी आम्ही लवकरच आबांकडे जाऊन बसलो. बाई मागून येते म्हणालेल्या. बाटलीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आबांच्या घरी पाटावर खिरीची चांदीची वाटी, आणि शेजारी पाण्याची दोन भांडी, सुनेने उकळून ठेवलेलं एक आणि आबांनी आडातून भरून आणलेलं एक. आबा घडीघडी दाराशी जात होते. फेटा बांधलेला नव्हता, हातात धरलेला होता. हलगीवाल्यांना त्यांनी बोलावलं होतं खरं, पण कुणाला दिसू नयेत म्हणून नव्या गोठ्याच्या पलीकडे बसवून ठेवलं होतं.

गल्लीच्या वळणावर बाई दिसल्या. छत्री होती. पांढरे बूट होते. माझ्या बायकोने एकदम माझं मनगट दाबलं आणि म्हणाली, "हात बघा त्यांचा."

बाईंचा दुसरा हात मोकळा हलत होता. त्यात तांब्या नव्हता.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनाही ते दिसलं होतं. एवढा धिप्पाड माणूस दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. बाई पायरी चढून आत आल्या, पाटाशेजारी बसल्या. आधी सुनेला म्हणाल्या की बाळाचं पाणी वर्षभर उकळूनच द्यायचं, आड कितीही शहाणा झाला तरी. सून पाणी द्यायला उठली, पण आबांनी तिला थांबवलं. आडाचं पाणी त्यांनी स्वतः पेल्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरलं.

"बाई, पाणी घ्या."

बाईंनी पेला उजेडात धरला नाही. वासही घेतला नाही. तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. त्यांनी पेला परत पुढे केला, आबांनी परत भरला, तोही त्या प्यायल्या. पदराने ओठ टिपले आणि परसाकडे तोंड करून, शाळेत शेवटच्या बाकाला ऐकू जावं तसं, म्हणाल्या,

"गोठ्यामागं बसलाय न्हवं कोण? आता वाजवा की."